केबल धरली की चार्जिंग, सोडली की बंद: पोर्टमधला कचरा इजा न करता कसा काढायचा

माझ्या फोनला दर दोन-अडीच महिन्यांनी हेच व्हायचं. केबल लावली की चार्जिंगची खूण दिसते, फोन टेबलावर ठेवला की जाते. केबलखाली वही सरकवली, वायरचा फोनभोवती एक वळसा घातला, की परत येते. रात्री लावून झोपावं आणि सकाळी कामावर निघताना बघावं तर १४ टक्के.

एरवी हे किरकोळ वाटतं. जुलै २०२१ च्या पुरात ते किरकोळ राहिलं नाही. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली होती, आमच्याकडची वीज गेली होती आणि गल्लीत ज्यांच्याकडे इन्व्हर्टर होता त्यांच्या दारात सगळे पाळीपाळीनं फोन लावत होते. माझी पाळी आली तेव्हा अर्धा तास मी केबल बोटानं दाबून धरून उभा होतो. तिकडं शिरोळ तालुक्यात दिलेली बहीण माझा फोन लागेना म्हणून रडकुंडीला आलेली. पाणी ओसरल्यावर एका दुकानात गेलो. त्यांनी फोन हातात घेतला, आत डोकावूनही न बघता "जॅक गेलाय" म्हणाले आणि जॅक, म्हणजे केबल जिथं लागते ते पोर्ट, बदलला. अडीच महिन्यांनी परत तेच. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की जॅक गेलेलाच नव्हता, तो तुंबला होता.

मी शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करतो. त्यानंतर स्वतःचा, घरच्यांचा, शेजाऱ्यांचा असे बरेच फोन मी साफ केले. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. तक्रार सगळ्यांची एकच असते, पण आतला कचरा एक नसतो. इचलकरंजीत मागावर काम करणाऱ्याच्या फोनमधून सूत निघतं, आमच्याकडं बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, कीस निघतो, जोतिबाची यात्रा करून आलेल्याच्या फोनमधून गुलाल निघतो. सुताला जो उपाय चालतो तो लोखंडाच्या किसाला चालवला तर फोन जळू शकतो. म्हणून आधी आत काय आहे ते बघायचं, मग हात घालायचा.

कचराच आहे याची खात्री

आधी कव्हर काढा. जाड रबरी कव्हरचं भोक लहान असेल तर केबलचं टोक पूर्ण आत जातच नाही आणि माणूस उगाच पोर्ट खरवडत बसतो. कव्हर काढल्यावर केबल लावून बघा. टोक पूर्ण बसलं की हाताला हलकासा 'टक्' जाणवतो आणि केबलचं प्लास्टिक फोनच्या कडेला जवळजवळ टेकतं. मध्ये नख जाईल एवढी फट राहत असेल, आणि तीच केबल घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये नीट टेकत असेल, तर तुमच्या पोर्टच्या तळाशी काहीतरी साठलंय.

फट नाही, टोक पूर्ण बसतंय, तरी चार्ज होत नाही? मग केबल बदलून बघा, अ‍ॅडॉप्टर बदलून बघा, भिंतीचं सॉकेट बदलून बघा. फोन उन्हात तापला असेल तर तो स्वतःहून चार्जिंग थांबवतो, त्याला गार होऊ द्या. काही फोनमध्ये ८० टक्क्यांवर थांबायची सोय चालू असते, तीही तपासा. यातलं कुठलंही कारण असेल तर पोर्टमध्ये काडी घालायची गरजच नाही.

आणखी एक लक्षण लोकांच्या ध्यानात येत नाही. फोन चार्ज होतो, पण जलद चार्जिंग होत नाही, किंवा संगणकाला जोडला तर फोटो दिसत नाहीत. कारण वीज नेणाऱ्या पिना वेगळ्या आणि चार्जरशी बोलणी करणाऱ्या पिना वेगळ्या असतात. कचऱ्यानं नेमक्या दुसऱ्या पिना अडवल्या की फोन जेमतेम भरत राहतो.

आत काय असतं

हल्लीच्या बहुतेक फोनना यूएसबी-सी पोर्ट असतं, केबल उलटसुलट कशीही लागते ते. त्याचं तोंड साधारण ८.३ मिलिमीटर रुंद आणि अडीच मिलिमीटर उंच असतं. त्याच्या बरोबर मध्ये एक पातळ जीभ असते, जाडी जवळपास ०.७ मिलिमीटर. तिच्या वरच्या बाजूला १२ आणि खालच्या बाजूला १२ अशा २४ पिना, एकीपासून दुसरी अर्ध्या मिलिमीटरवर. म्हणजे जिभेच्या वर आणि खाली मोकळी जागा उरते ती एक मिलिमीटरपेक्षा कमी. आपल्याला काम करायचंय ते त्या फटीत. जीभ वाकली किंवा तुटली की मग खरोखरच जॅक बदलावा लागतो.

खिशातला धाग्यांचा कचरा या फटीतून आत जातो आणि प्रत्येक वेळी केबल लावताना आपणच तो मागच्या भिंतीवर ठोकून बसवतो. दिवसाला दोनदा लावली तरी दोन महिन्यांत सव्वाशे ठोके झाले. शेवटी त्याची घट्ट गादी तयार होते. केबल अर्धा मिलिमीटर जरी बाहेर राहिली तरी आतल्या खाचा धरत नाहीत, आणि हात लावला की ती हलते.

लायटनिंगचं पोर्ट असलेले आयफोन २०१२ पासून पुढं बरीच वर्षं आले, २०२३ मध्ये आयफोन १५ पासून तिथंही यूएसबी-सी आलं. लायटनिंगच्या पोर्टमध्ये मधली जीभ नाही, आत नाजूक पिना एका भिंतीला असतात. टॉर्च मारून त्या कुठल्या बाजूला आहेत ते आधी बघा आणि तिथं काडी लावू नका. तळाचा कचरा उरलेल्या बाजूनं काढता येतो. जुन्या मायक्रो यूएसबीची जीभ तर फारच कच्ची, तिथं फक्त ब्रश.

काय वापरायचं, काय नाही

सुई, सेफ्टी पिन, स्टेपलरची पिन, सिम काढायची पिन, ब्लाउजचा हुक: यातलं काहीही आत घालू नका. फोन बंद केला तरी बॅटरी आत जोडलेलीच असते, धातूनं शॉर्ट होऊ शकतं. आणि शॉर्ट झालं नाही तरी पोलाद सोन्याच्या मुलाम्यावर ओरखडा काढतं. मुलामा गेला की खालचा धातू दमट हवेत काळा-हिरवा पडतो. ते नुकसान त्या दिवशी दिसत नाही, दोन पावसाळ्यांनी दिसतं.

उद्यमनगरातल्या माझ्या भावांना एक गोष्ट कळकळीनं सांगतो: कॉम्प्रेसरची हवा मारू नका. आपल्याकडं नळी हाताशीच असते, जॉब साफ करतो तशी फोनवर मारावीशी वाटते. पण ती हवा सहा-सात बारच्या दाबाची असते, तिच्यात पाणी आणि तेलाचे थेंब असतात, आणि पोर्टच्या शेजारीच माइक आणि स्पीकर असतात. त्यांच्या आतला पातळ पडदा त्या दाबाला टिकत नाही. आमच्या शॉपमधल्या एका पोराचा फोन असाच गेला. चार्जिंग सुरू झालं, पण समोरच्याला त्याचा आवाज ऐकू जाईना. तोंडानं फुंकणंही टाळा, थुंकीचा ओलावा आत जातो.

सॅनिटायझर, रॉकेल, पेट्रोल, गंज सोडवायचा स्प्रे, काही नको. दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश बरोबर आकाराचा वाटतो, पण त्याच्या मधोमध तार असते. नारळाच्या हिराची काडी मी वापरून बघितली होती. टोकाला छान बारीक असते, पण वाळलेली असली की आत मोडते, आणि मग तो तुकडा काढायला वेगळी कसरत.

चालतं ते लाकडी टूथपिक, तेही तासून. मी व्हर्नियरनं मोजली, मधे दोन मिलिमीटर भरली. ती तशीच फटीत सारली तर जिभेवर चढेल. म्हणून टूथपिक फरशीवर आडवी ठेवायची आणि ब्लेडनं दोन्ही बाजूंनी तासून शेवटचा एक सेंटिमीटर चपटा करायचा, पोस्टकार्डाच्या दोन-तीन थरांएवढा. टोक अणकुचीदार नको, छिन्नीसारखं सपाट हवं. बोटानं वाकवून बघा, मोडायच्या बेतात असेल तर दुसरी घ्या. सोबत मऊ टूथब्रश, नवा आणि कोरडा, कडेचे केस कापून एक अरुंद झुपका ठेवलेला. बस.

प्रत्यक्ष काम

गेल्या महिन्यात माझा मेहुणा इचलकरंजीहून आला. यंत्रमागावर असतो. "दाजी, ह्यो फोन बघा की जरा. दुकानदार म्हणतोय बाराशे लागतील." केबल लावली तर पाव भाग बाहेर. खिडकीपाशी बसलो, टॉर्च मारली. जिभेच्या मागं काळंकुट्ट दिसायला हवं तिथं करडी भिंत दिसत होती, मऊ, लव असलेली. सूत.

फोन पूर्ण बंद केला. नुसता स्क्रीन बंद नव्हे, स्विच ऑफ. मग पोर्टचं तोंड खाली, जमिनीकडं राहील असा डाव्या हातात धरला, म्हणजे सुटलेला कचरा परत आत न जाता खाली पडतो. तासलेली टूथपिक जिभेला न लावता बाहेरच्या रुंद भिंतीला घसटत आत नेली. तळ लागला तेव्हा हाताला कठीण काही लागलं नाही, उशीत बोट रुतावं तसं लागलं. तो कचरा. पोर्टचा कठीण तळ लागला असता तर 'खट्' झालं असतं.

इथं घाई करायची नाही. काडी कोपऱ्यात न्यायची, कारण दोन्ही टोकांचे कोपरे जिभेपासून लांब असतात आणि कचऱ्याची गादी तिथंच अडकलेली असते. कोपऱ्यात हलकं टेकवून, भिंतीला लागूनच, बाहेरच्या दिशेनं ओढायचं. पहारीसारखी उचकटायची नाही. आत ढकलायचं तर मुळीच नाही. पाच-सहा वेळा काहीच आलं नाही. मग एका कोपऱ्यातून करडा धागा बाहेर डोकावला. तो टूथपिकनंच हळूहळू ओढला तर आख्खी पट्टी आली: पोर्टच्या मागच्या भिंतीच्या मापाची, दाबून दाबून घोंगडीच्या तुकड्यासारखी झालेली, एका बाजूला केबलच्या टोकाचा ठसा स्पष्ट उमटलेला. मेहुण्यानं ती तळहातावर घेतली आणि बराच वेळ बघत बसला.

तेवढ्यावर थांबलो नाही. जिभेच्या दुसऱ्या बाजूची फटही तशीच तपासली, तिथं थोडं होतं. मग कोरडा ब्रश बाहेरच्या दिशेनं चार वेळा फिरवला. केबलचं टोकही बघितलं, यूएसबी-सीचं टोक आतून पोकळ असतं आणि त्यातही सूत साठतं. तेही काढलं. मग फोन बंदच ठेवून, चार्जरला न जोडलेली केबल दोन-तीनदा घातली आणि काढली. उरलंसुरलं त्यानं सुटतं, पुन्हा एकदा ब्रश. त्यानंतर फोन चालू केला आणि चार्जर लावला. 'टक्'. टेबलावर ठेवला, वायर हलवली, खूण गेली नाही.

लोखंडाचा कीस असेल तर

टॉर्चमध्ये चमकणारे किंवा काळे बारीक कण दिसले, विशेषतः शेजारच्या स्पीकरच्या जाळीवर दाढीसारखे उभे राहिलेले दिसले, तर तो बीडाचा किंवा लोखंडाचा कीस. स्पीकरमध्ये चुंबक असतो, तो त्याला ओढून घेतो, आणि पोर्ट त्याच्या शेजारीच. आपल्या उद्यमनगरात, शिरोलीला, गोकुळ शिरगावला मशीनवर किंवा फौंड्रीत काम करणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

सूत वीज वाहून नेत नाही, लोखंड नेतं. यूएसबी-सीमध्ये मुख्य वीज आणणारी पिन आणि चार्जरशी बोलणी करणारी पिन अगदी शेजारी आहेत, अर्ध्या मिलिमीटरवर. तेवढा एक कण त्यांच्यावर आडवा पडला की जलद चार्जरचे ९ किंवा २० व्होल्ट भलत्या पिनवर जातात. म्हणून कीस दिसला तर आधी चार्जर लावायचंच बंद करा. "होतंय तोवर होऊ दे" म्हणू नका.

स्पीकरच्या जाळीवरचे कण साध्या चिकटपट्टीनं निघतात. नुसती टेकवायची आणि उचलायची, दाबून चोळायची नाही, नाहीतर कण जाळीतून आत जातात. पोर्टच्या आत मात्र फोन बंद करून, तोंड खाली धरून, फक्त कोरडा ब्रश. दोनदा ब्रश करूनही जिभेवर कण दिसत असतील तर ते काडीनं घासू नका, पिनांवर रेघा पडतात. दुकानात मायक्रोस्कोपखाली ते चिमट्यानं सुटे करतात, तिथं न्या.

गुलाल, काकवी, पाऊस

चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरीला गेलेल्या माणसाचा फोन गुलाबी होऊनच परत येतो. कोरडा गुलाल सोपा आहे, ब्रशनं निघतो, पण घरी येऊन चार्जर लावायच्या आधी काढायचा. घामानं किंवा पाण्यानं भिजला तर त्याचा लगदा होऊन जिभेवर थापला जातो. यात्रेला जाताना फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेला की हा सगळाच त्रास वाचतो.

गुऱ्हाळावर काम करणाऱ्यांच्या फोनला काकवीचे हात लागतात. चिकट पदार्थ कोरड्या काडीनं निघत नाही, तिथं आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं आणि ते किती लावायचं याचा हाताला अंदाज लागतो. ते दुकानदाराकडूनच करून घ्या.

पावसाचं वेगळं. जून ते सप्टेंबर गाडीवरून फिरताना खिशातला फोन ओला होतो आणि चार्जर लावला की ओलाव्याची सूचना येते. तो कचरा नाही, तिथं टूथपिक घालू नका. केबल काढा, पोर्ट खाली करून तळहातावर हलकेच आपटा आणि पंख्याच्या वाऱ्याला ठेवा. निदान अर्धा तास. पूर्ण वाळायला कधी कधी दिवसभर लागतो. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, त्याचे बारीक कण उलट आत जातात. हेअर ड्रायर नको, कापसाचा बोळाही नको. फोनला वायरलेस चार्जिंग असेल तर मागची बाजू पुसून तोवर त्यावर भागवा. फोन पाण्याला टिकणारा आहे म्हणून ओल्या पोर्टला चार्जर लावला तर चालतं, असं अनेकांना वाटतं. चालत नाही. ओल्या पिनांमधून वीज गेली की त्या गंजतात.

परत परत का होतं

साफ करणं वीस मिनिटांचं काम आहे, पण दर दोन महिन्यांनी ते का करावं लागतं हे मला फार उशिरा कळलं. एका रविवारी पॅण्ट धुवायला टाकताना बायको म्हणाली, "अहो, खिसे उलटे करून टाका की." उलटा केला. खिशाच्या तळाच्या शिवणीत निळ्या धाग्यांचा, कागदाच्या भुग्याचा आणि काळ्या किसाचा बोटभर जाड थर. मी फोन त्याच खिशात, पोर्ट खाली करून, सहा वर्षं ठेवत होतो.

आता पॅण्ट धुताना खिसे उलटे करतो आणि ब्रशनं झटकतो. कामावर फोन डबा ठेवायच्या कपाटात, चेन असलेल्या पाऊचमध्ये असतो. खिशात ठेवलाच तर पोर्ट वर. रबरी बूच मिळतं तेही मशीनवर असताना लावतो, पण पावसाळ्यात नाही, कारण आत ओल असेल तर ती कोंडून राहते. महिन्यातून एकदा टॉर्च मारून नुसतं बघतो. केबल पूर्ण बसत असेल तर हात लावत नाही, कारण प्रत्येक वेळी काडी आत जाते तेव्हा जिभेला धोका असतोच. गेल्या आठ महिन्यांत एकदाच साफ करावं लागलं.

दुकानात कधी जायचं

केबल पूर्ण बसते, फट नाही, तरी बाजूला हलते आणि चार्जिंग तुटतं, तर पोर्ट झिजलंय. टॉर्चमध्ये जीभ वाकडी दिसते, पिनांवर हिरवट किंवा पांढरट बुरशीसारखं दिसतं, एक दिवस वाळवूनही ओलाव्याची सूचना जात नाही, तर घरी काही करू नका. जळका वास आला किंवा केबलचं टोक हाताला चटका बसेल इतकं तापलं, तर लगेच भिंतीचं बटण बंद करा, मग केबल काढा, आणि ती केबल पुन्हा कुठल्याच फोनला लावू नका.

दुकानात गेल्यावर "चार्जिंग होत नाही" एवढंच सांगू नका, नाहीतर पहिलं उत्तर "जॅक बदलू" हेच येतं. "केबल पूर्ण बसत नाही, आधी माझ्यासमोर मायक्रोस्कोपखाली आत बघा आणि साफ करा, त्यानं झालं नाही तर जॅकचं बोलू" असं सांगा. चांगला कारागीर यावर नाराज होत नाही. राजारामपुरीत मला असा एक मिळाला. त्यानं स्क्रीनवर माझ्या फोनची जीभ मोठी करून दाखवली, तिच्यावरच्या दोन रेघाही दाखवल्या, आणि विचारलं, "कधी सिमची पिन घातली होती का, दादा?" घातली होती, २०२१ मध्येच, नवा जॅक बसवल्यावर, एकदा वीज गेलेली असताना, मेणबत्तीच्या उजेडात.